अनुसयाचं दिल्लीतलं खातं

छपाई फिकट होती, यंत्राची शाई संपत आली असावी, पण आकडा वाचता येत होता — दीड हजार. त्याच्याखाली पुन्हा दीड हजार, आणि खाली पुन्हा... पासबुकाचं ते पान पद्मजाने अंगठ्याने दाबून धरलं होतं, बँकेत वारा नसताना. मे, जून, जुलै. थेट डिसेंबरपर्यंत एकही महिना चुकलेला नव्हता. मागून मफलर गुंडाळलेला एक माणूस म्हणाला, "मॅडम, हो गया क्या?" ती "हां हां, हो गया" म्हणून बाजूला झाली आणि खांबाला टेकून तेच पान परत पहिल्यापासून वाचू लागली.

पासबुक तिचं नव्हतं. अनुसयाचं होतं, तिच्या धाकट्या चुलत जावेचं — उल्हासच्या चुलतभावाच्या, नरसिंहच्या बायकोचं. जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःचं पासबुक भरायला आली होती, दोन्ही एकाच पाकिटात होती, म्हणून सहज हेही यंत्रात सरकवलं. सहज! माझ्या हातून जे जे चुकतं ते सगळं असंच सहज होतं... बायकांच्या खात्यावर सरकार महिन्याला टाकतं ते हे पैसे. सेलूजवळच्या अनुसयाच्या गावात एप्रिलनंतर ते पोचलेच नव्हते, आणि का पोचले नाहीत याचा शोध त्या घराने आठ महिने घेतला होता. ते इथे होते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पद्मजाच्या कपाटात, तिच्या दागिन्यांच्या पावत्यांखाली.

फेब्रुवारीत तिचं ऑपरेशन झालं तेव्हा अनुसया अडीच महिने दिल्लीत येऊन राहिली होती. सगळं केलं तिने — अंघोळ घालण्यापासून भाकरीपर्यंत, आणि तेही गुणगुणत, म्हणजे उपकार वाटू नयेत असं. जाताना तिला द्यायचं काय? साडी तर झालीच, पण अडीच महिन्यांची मजुरी बुडाली होती तिची, आणि जावेच्या हातावर पगार ठेवायचा म्हणजे... कामवाली होती का ती? पाकीट पुढे केलं असतं तर तिने ते देवापाशी ठेवून दिलं असतं आणि घरी पोचल्यावर नरसिंहने उचललं असतं. म्हणून पद्मजाने डोकं लढवलं. इथेच खातं उघडून दिलं, त्यात दहा हजार टाकले, आणि फार अभिमानाने सांगितलं, "तुझं तुझ्या नावावर काहीतरी असू दे, अनुसया." मोबाईल नंबर स्वतःचाच घातला, कारण अनुसयाकडे फोन नव्हता. पासबुक अनुसयाने न्यायलाच नकार दिला. राहू द्या तुमच्यापाशी, म्हणाली.

आणि त्या फॉर्मवर ती चौकट होती. सरकारी अनुदान आधारवरून याच खात्यात जमा व्हावे काय? पद्मजाने टिक केली. का केली? कारण ती चौकट रिकामी होती. इथल्या मंत्रालयात बावीस वर्षं अपुरे फॉर्म परत पाठवण्यात गेलेली बाई ती. रिकामी चौकट दिसली की तिचा हात थांबतच नाही. वाचलं होतं का तिने? वाचलं असणार. वाचलं, आणि पैसा आता कुठे वळेल हे समजलं नाही, की समजण्याइतका वेळ अनुसयासाठी काढावासा वाटला नाही... बँकेचे मेसेज तर दर महिन्याला तिच्याच फोनवर येत होते, कर्जाच्या नि कुर्त्यांच्या जाहिरातींखाली गाडले जात होते.

ऑफिसात परत येऊन तिने समोरची फाईल उघडली. हीटरपाशी दोघीजणी शेंगा सोलत होत्या, त्यांनी तिच्यापुढे मूठ धरली, तिने मान हलवली. चूक ही चूक असते, ती एका फोनने दुरुस्त होते. पण ते वाक्य? ते कसं परत घ्यायचं?

गौरींच्या दिवसांत चुलतसासूचा, म्हणजे नरसिंहच्या आईचा, काकूंचा फोन आला होता. "पद्मजा, तू एवढी मोठी ऑफिसर, आम्हाला सांग — पैसे बंद झाले म्हणती ही. खरंच बंद झाले का ही दडवती?" पद्मजाला तेव्हा मीटिंगला जायचं होतं. ती म्हणाली होती, "सरकारचा पैसा मध्येच कुठे जात नाही, काकू. खात्यात जमा होतोच." बस. तिच्या परीने ती सरकारची बाजू घेत होती. त्या घरात मात्र दिल्लीच्या बाईचा निकाल म्हणून ते वाक्य पोचलं. दिवाळीला काकू म्हणाल्या, "नरसिंहानं चांगलं विचारलं तिला." चांगलं विचारलं — याचा अर्थ पद्मजाला लगेच कळला होता. आणि तिने चिवडा कसा झालाय ते विचारलं.

मी चिवड्याचं विचारलं.

चार वाजता तिने उल्हासला त्याच्या ऑफिसात फोन लावला. तो आधी हसला. "अरे यार, यात एवढं काय टेन्शन? नरसिंहला पैसे ट्रान्सफर कर, सॉरी म्हण, बात खत्म."

"त्याने तिला मारलंय, उल्हास."

"अच्छा," तो म्हणाला. "मग आजच सांग. बिल्कुल आजच."

सांगायचं तर होतंच. पण आतमध्ये एक लाजिरवाणा हिशोब चालू होता, आणि तो तिला थांबवता येत नव्हता. त्या घरात कुठलाही फॉर्म तिला विचारल्याशिवाय भरला जात नाही. ती गेली की पाट तिच्यासाठी आधी मांडला जातो. आणि आता काकू गावभर सांगतील, दिल्लीच्या बाईने घोळ घातला, पोरगी फुकट मार खाऊन बसली... बोलणी खायची तर खायची. कुणी मरत नाही बोलण्याने. तरी तळहात ओले का होतायत, एवढ्या थंडीत?

साडेसहाला ती क्वार्टरच्या अलीकडच्या बागेतच थांबली. धुक्यात बाकं ओली झाली होती, तिने एक पदराने पुसलं आणि बसली. वाक्य घोळवून ठेवलं होतं: काकू, चूक माझी आहे, अनुसयाचा काही दोष नाही. दोनदा मनात म्हणून पाहिलं. काकूंचा साधा बटणांचा फोन बराच वेळ वाजला, आणि उचलला तो अनुसयाने.

"ताई? आत्याबाई शेळ्या बांधाया गेल्यात मागं. बऱ्या हाईत ना तुम्ही?"

"अनुसया," घोळवलेलं वाक्य गडबडून वेगळंच बाहेर आलं, "अगं, तुझे पैसे... ते माझ्याकडे आहेत. म्हणजे तुझ्याच खात्यात, इथल्या. माझ्यामुळे झालं हे सगळं. मी आत्ता काकूंना सांगते."

पलीकडे एक शेळी ओरडली. मग अनुसयाचा आवाज एकदम खाली आला, इतका की पद्मजाने फोन कानात खुपसला.

"मला म्हाईत हाय, ताई. दिवाळीच्या आधीच कळलं. सेलूच्या बँकेतल्या म्याडमनं आधार टाकून बघितलं, म्हणल्या, तुझे पैसे दिल्लीच्या बँकेत जाऊलालेत."

"मग बोलली का नाहीस? दिवाळीत नरसिंहने तुला..."

"ते झालं. नका सांगू, ताई. तिथंच राहू द्या."

"अगं, पण काकूंच्या बीपीच्या गोळ्या? त्या याच पैशातून यायच्या ना?"

"कापूस येचायला जाती मी. अर्ध्या आणती गोळ्या. भागतं."

अर्ध्या गोळ्यांनी बीपीचं भागत नाही, हे पद्मजाला ओरडून सांगावंसं वाटलं. त्याऐवजी तिने विचारलं, "पण कशासाठी हवेत तुला? शिक्षणासाठी का सलोनीच्या?" सलोनी अनुसयाची मुलगी, यंदा दहावीला. पद्मजाला आतुरतेने तिथे एक चांगलं कारण हवं होतं — हो म्हण, अनुसया, शिक्षणासाठी म्हण, म्हणजे मला ते मंजूर करता येईल, म्हणजे काकूंच्या गोळ्यांसमोर ठेवायला माझ्याकडे काहीतरी असेल...

"काय की," अनुसया म्हणाली. "असू द्या. कशाला ते ठरवलं नाही आजून."

आणि लगेच मोठ्याने, वेगळ्याच आवाजात, "घ्या आत्याबाई, दिल्लीचा फोन हाय."

काकूंना धाप लागली होती. त्यांनी तब्येत विचारली, दिल्लीची थंडी विचारली, आणि मग नेहमीचंच, पण या खेपेला न भांडता, थकून: "पद्मजा, बघ ना गं माय आमच्या पैशाचं. तुझ्या तिथं वर कुणी वळखीचं असंल."

आता. घोळवलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं. धापेतून काकूंचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यांच्या शेजारीच कुठेतरी अनुसया उभी असणार, घमेलं हातात घेऊन, इकडे कान लावून.

"बघते, काकू," पद्मजा म्हणाली. "चौकशी करते वरती. गोळ्यांचे पैसे मी पाठवते तोवर."

"देव तुझं भलं करो."

फोन बंद झाला. आवाज जराही कापला नव्हता. फाईल पुढे ढकलताना लागतो तोच, ऑफिसचा आवाज. गोळ्यांचं तर भागेल, ती स्वतःला म्हणाली, आणि अनुसयाने स्वतःच मागितलं ना, मी फक्त तिचा शब्द ठेवला... दुपारपासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं, खरंच उतरलं होतं, तळहातसुद्धा कोरडे होते. आता त्या घरात कुणालाच कधी कळणार नव्हतं की ती टिक कुणी केली. पुढच्या वेळी गेल्यावरही पाट तिच्यासाठीच आधी मांडला जाईल. नरसिंह मात्र अजून विचारतच राहील अनुसयाला, चांगलं विचारत राहील, आणि ती काही सांगणार नाही.

मग हे बरं कशामुळे वाटतंय मला? अनुसयाचं गुपित राहिलं म्हणून, की माझं?

बागेच्या फाटकाकडून उल्हास येताना दिसला, त्याने लांबूनच हात केला. तो विचारणार, सांगितलंस का. पद्मजा उठली नाही. अनुसयानेच नको म्हटलं, हे उत्तर तिच्याकडे तयार होतं, आणि ते इतक्या पटकन कसं तयार झालं, याचीच आता तिला भीती वाटू लागली.