एसीवाल्याने बुजवलेलं खुराडं

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपला एसीवाला, लोकांच्या खिडक्यांच्या फटी बुजवत फिरणारा, त्याची आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आणि जाताना परसातल्या सहा कोंबड्या ह्याच्या गळ्यात घालून गेली. म्हणाली, दहा दिवसांनी येते, सहाच्या सहा हव्यात. त्यात ती ठिपकी म्हणजे तिचा जीव की प्राण. नवरा गेल्यापासून ती ठिपकीशीच बोलते, आणि उत्तरंही मिळतात म्हणे.

ह्याने पहिल्याच दिवशी खुराडं पाहिलं. एवढंसं, आणि पत्र्याखाली चारी बाजूंनी चार बोटं फट. झालं, साहेबांचे हात शिवशिवायला लागले. फट दिसली की बुजवायची, सहा वर्षं दुसरं केलंय काय? फोम आणला, चिकटपट्टी आणली, तासाभरात खुराड्याचा डबा करून टाकला. वर मनात म्हणतो, आत्याला इतकी वर्षं एवढं साधं सुचलं नाही, बिचारी.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर असा भपकारा, की डोळ्यांतून घळाघळा पाणी. पत्र्याला आतून थेंब लटकलेले, खालचा भुसा ओलागच्च, आणि ठिपकी कोपऱ्यात चोच उघडून घरघरतेय. पाचावर धारण बसली त्याची. पण कारागीर ना, भिंतीला भोक पाडून एक्झॉस्ट पंखा ठोकला. पंखा फिरतोय मस्त. वास तसाच. दुसऱ्या दिवशी ठिपकीने दाण्याला तोंड लावलं नाही.

मग हा स्वतःच आत शिरला, गुडघ्यांवर, दार ओढून. गिऱ्हाइकाकडे हवा खेळते का बघायला तो कागदाची पट्टी धरतो ना, तशी धरली. पट्टी हलेचना. बाकी पाच कोंबड्या ह्याच्याकडे अशा बघतायत, जसं गिऱ्हाईक बघतं काम बिघडल्यावर. आणि तेव्हा त्याला आठवलं, दर आठवड्याला तोच लोकांना ऐकवतो, पंखा लावलात, पण हवा आत यायला जागा ठेवलीत का? वर बघतो तर त्याचा स्वतःचा फोम. काय सुरेख बसवलेला, कुठे सुरकुती नाही.

ओरबाडून काढला सगळा. पंखा बंद केला, भुसा बदलला. पट्टी पत्र्याखाली फडफडली, आणि खाली कोंबड्या बसतात त्या दांडीवर धरली तर गप्प. म्हणजे घाण हवा डोक्यावरून जायची आणि कोंबड्यांना वारा लागायचा नाही. आत्याने फट उगीच ठेवली नव्हती. दोन दिवसांनी ठिपकीने चोच मिटली, दाणे टिपले. हा गाढव तिच्यासमोर बसून रडला, आणि वासाने नाही हं.

काल आत्या काठी टेकत आली. सहा मोजल्या, ठिपकीला कुशीत घेतलं, पंखा पाहिला, आणि शेजारच्या दोघींना हाक मारली.

"बघा, भाच्याने हवेची काय सोय केलीये. किती तुकतुकीत दिसतायत. तुमचीही खुराडी करून देईल तो."

दोघी लगेच तयार. आत्याचे डोळे भरलेले. आणि हा मध्ये उभा, पत्र्याच्या कोपऱ्यात राहिलेला फोमचा एक तुकडा पाठीने झाकून.

"अरे, बोल की काहीतरी," आत्या म्हणाली.

आता तूच सांग, तू असतास तर काय बोलला असतास?