टकटक ऐकली की हात काढा

मी हातोडा बोलतोय. हो, तोच, ज्याला पेपरवाल्यांनी 'हत्यार' म्हटलं. म्हणू देत. मी जन्मभर लोखंड ठोकलं, माणूस एकाच दिवशी.

लोहाराने मला तापवून, बडवून घडवलं आणि मी मिस्त्रींच्या मुठीत आलो. मिस्त्री पत्र्याची झाकणं दाबणाऱ्या कारखान्यात होते. तिथलं एकेक मशीन बोटं खायला टपलेलं. म्हणून मिस्त्रींनी शिस्त लावली होती. घाव घालण्याआधी ते माझ्या तोंडाने मशीनच्या अंगावर दोनदा टकटक करत. टकटक झाली की सगळे हात बाहेर. त्यामुळे आमच्या खात्यात सगळ्यांची बोटं शाबूत होती.

मग मालकाने कारखाना परदेशात हलवायचं ठरवलं. तिकडे माणसं आणखी स्वस्त मिळतात म्हणे. वर मिस्त्रींनाच हुकूम, मशीनं खोलून पेट्यांत भरून द्या. जोडीला तिकडचा एक फिटर आणला, त्याला आमची भाषा येत नव्हती. या वयात मला कोण कामावर ठेवणार, असं मिस्त्री रोज घरी बायकोला विचारत. मी पिशवीत पडून ऐकत असे.

शेवटचं मशीन खोलायला घेतलं आणि मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मशीन हवंय ना त्यांना? भुगा करून पाठवतो."

रागातही हाताची सवय सुटली नाही. टक, टक. आमच्या माणसांनी हात काढले. पाहुण्या फिटरला त्या आवाजाचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. पलीकडून त्याचा पंजा आत होता, बोल्ट सोडवत. मी सगळ्या ताकदीनिशी उतरलो. हाडं फुटल्याचं मला लगेच कळलं. लोखंड असं मऊ लागत नाही.

तो किंचाळत कोसळला. मिस्त्रींनी अंगातला सदरा काढून त्याचा पंजा गुंडाळला. त्याच्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, अगदी त्यांच्यासारखाच घट्टा होता. तो पाहून मिस्त्री रडू लागले. इतक्यात वरच्या काचेच्या केबिनमधून मालकाने वाकून विचारलं,

"मशीनला काही झालं नाही ना?"

मिस्त्री मला घेऊन जिना चढले. काच फुटली, टेबल फुटलं, मालकाचा जबडा फुटला. मग पहारेकऱ्यांनी मिस्त्रींना खाली पाडून लाथांनी तुडवलं. मी हातातून निसटून कोपऱ्यात पडलो होतो. नुसता बघत राहिलो.

आता मिस्त्री तुरुंगात आहेत. मी पोलीस ठाण्याच्या अडगळीत, दांड्याला चिठ्ठी बांधून पडलोय. मशीन मात्र रक्त पुसून ठरल्या जहाजाने गेलं.

तिकडच्या बाबांनो, उद्या मालक कारखाना तुमच्याकडूनही हलवेल. तेव्हा तुमच्यातलाही कोणीतरी हातोडा उचलेल. उचलू दे. पण पलीकडे कोणाचा हात आहे, ते आधी वाकून बघा.