अकरा सेकंदांचा दम

या मित्रांनो, जरा पुढं सरका, मांडी घालून बसा. एका जळक्या जिवाची गोष्ट सांगते.

मी फवाऱ्याची एक जुनी काचेची नळी आहे. भोरजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं राबले. लोखंडाचे आणि निकेलचे क्षार पाण्यात विरघळवायचे आणि ते पाणी माझ्या तोंडून धुक्यासारखं तापल्या काचपट्टीवर उडवायचं. पट्टीखालचा तवा चारशे अंशांवर. पाणी उडून जायचं, मागं फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाचा तपकिरी थर उरायचा, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ.

मला चालवायचे ज्ञानूमामा. किकवीहून एसटीनं येणारे प्रयोगशाळेचे शिपाई, कीर्तनाचे भारी वेडे. फवारा मारायचे, थांबायचे, ओठांतल्या ओठांत 'रामकृष्णहरी' म्हणायचे, पुन्हा मारायचे. संध्याकाळी मला धुऊन कापसात निजवायचे. पाहुणे म्हणत, "थर काय सुरेख बसलाय!" मला वाटे, सगळी करामत माझीच.

मग आपोआप फवारणारं यंत्र आलं. त्याला हार घातला, नारळ फोडला. मी खणात गेले. मित्रांनो, तवा तापायचा त्याहून मी तापले! त्याच्या त्या फवारणाऱ्या स्टीलच्या सुईचं कौतुक कानावर आलं की तडकून जावंसं वाटे.

पण यंत्राचे थर टिकेनात. संशोधन करणारी सारिका चिकटपट्टी लावून ओढायची, की थराची सगळी भुकटी त्या चिकटपट्टीवर. सोमवारी चाळीस नमुने पुण्याला तपासणीला न्यायचे होते. ती पाळी हुकली तर तिचं दोन वर्षांचं काम लटकणार होतं. पोर रडकुंडीला आली आणि मी खणात बसून हसत होते. हो, हसत होते.

शनिवारी तिनं खण उघडला. "मामा, जुन्या नळीनंच करू या."

माझा जीव हरखला. पण मामा म्हणाले, "चाळीस पट्ट्या हातानं सोमवारपतूर कशा व्हतील गं ताई?" मग ते यंत्राकडं बघत राहिले. "ह्यो गडी दमच घेत न्हाई की! बुवा सलग बोलाया लागले तर टाळकऱ्यांनी गायचं कवा? पाणी पडून तवा निवतोय. त्याला तापाया सवड नगं?"

"किती सेकंद थांबवू?"

"सेकंद कुणी मोजल्यात? म्या पाच डाव देवाचं नाव घेतो."

"मग घ्या. मी मोबाईलवर मोजते."

"देवाचं नाव मोबाईलवर मोजतीस व्हय!" मामा हसले आणि डोळे मिटून म्हणू लागले.

नका हो सांगू त्या यंत्राला, मला ओरडावंसं वाटलं. बारा वर्षांचं आपल्या दोघांचं गुपित!

अकरा सेकंद भरले. सारिकानं तेवढा थांबा यंत्रात घातला. रविवारी दुपारी तिनं चिकटपट्टी ओढली, तर थर जागचा हलला नाही. करामत माझी नव्हती, आणि सुईचीही नव्हती.

संध्याकाळी मामांनी ती सुई माझ्याइतक्याच मायेनं धुतली. मी पुन्हा जळले. मग त्यांनी मलाही धुतलं, दिवसभर काही काम केलं नव्हतं तरी.

चाळीसही नमुने वेळेत पुण्याला गेले, आणि सारिकाचा अहवाल आता छापून आलाय. त्यात यंत्राचं नाव आहे, सुईचं माप आहे आणि 'थांबा अकरा सेकंद' आहे. मित्रांनो, हत्यारं धुऊन-पुसून ठेवत जा. माझं नाव विसरलात तरी चालेल, मला थोडं जळू द्या. पण कुठं ते अकरा सेकंद वाचलेत, तर किकवीच्या ज्ञानूमामांची आठवण काढा.