चढावर वाढणारं डिझेल

सरकारं येतात आणि जातात, पण काटा खोटं बोलत नाही. या एका विश्वासावर मानवी संस्कृती उभी आहे. निदान तुळजापूरच्या गोपाळकृष्णराव उपाध्यांची तरी उभी होती, आणि ते काटे लढाईतून लिलावात निघालेल्या एका ट्रकच्या डॅशबोर्डात होते.

निजाम गेला, मागोमाग हैद्राबादचं राज्यही मोडलं आणि जिल्हा मुंबईला जोडला गेला, त्या साली गोपाळकृष्णरावांनी मास्तरकी सोडून हा ट्रक घेतला. तो पेट्रोल इतकं पिई, की गावाच्या वेशीबाहेर जायचं त्याला भान राहत नसे. शेवटी जुनं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. मिस्त्री कल्याणप्पा म्हणाला, नव्या इंजिनाबरोबर नवे काटे आलेत, जुने फेकून द्या. गोपाळकृष्णरावांना ते ऐकवेना. कंपनीनं बसवलेले काटे काढायचे, म्हणजे घरात नवी सून आली म्हणून देव्हाऱ्यातले देव बदलायचे. कल्याणप्पानं कानडीत काहीतरी पुटपुटत लेथवर पितळी बूश कातला आणि जुन्या ट्रकचा उष्णता मोजणारा खिळा नव्या इंजिनात बसवून दिला. डिझेलचा काटा आणि उष्णतेचा काटा, दोन्ही पूर्वीसारखे हलू लागले. त्यानंतर घरी येणाऱ्याला आधी काटे दाखवले जात, मग चहा.

सासरे वसंतरावांनी मात्र काटे पाहून नुसता चहा मागितला. लोहाऱ्याच्या तहसिलीत पेशकारी केलेला माणूस. पुरावा पाहिल्याशिवाय हसतही नसे. त्यांनी निकाल आधीच सांगून टाकला. दसऱ्यानंतर भूमला गूळ घेऊन जायची पहिली लांबची खेप आहे, तिच्यात आपण स्वतः बसणार. गाडी धड पोचली तर आपली लेक प्रमोदिनी ट्रकवाल्याची बायको म्हणून सुखानं नांदेल. नाही पोचली तर जावयानं पुनवेनंतर मुकाट शाळेत रुजू व्हायचं. हेडमास्तरांनी जागा धरून ठेवलीच आहे.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर मांडून पुजायचं, असा उपाध्यांचा कुळाचार. विळी, अडकित्ता, पाना, हातोडी सगळं मांडून झालं. इंजिन काही पाटावर येईना. तेव्हा गोपाळकृष्णरावांनी डॅशबोर्डातले दोन्ही काटे स्वतः खोलून आणले, प्रमोदिनीबाईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि दसरा झाल्यावर गोपाळकृष्णरावांनी स्वतःच ते परत बसवले. मागं दोन तारा होत्या, तेलानं सारख्याच काळ्या झालेल्या. गोपाळकृष्णराव तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. होते. त्यांनी त्या जोडल्या.

खेपेच्या दिवशी ड्रायव्हर धुळाप्पानं किल्ली फिरवली आणि गोपाळकृष्णराव पुढं झुकले. डिझेलचा काटा तळाला. आदल्या दिवशी अर्धी टाकी होती. उष्णतेचा काटा मात्र, इंजिन थंडगार असताना, मधोमध. सासऱ्यांनी दोन्हीकडं बघितलं आणि उपरणं नीट केलं. उस्मानाबादेत पंप आहे, तिथवर पोचू, असं धुळाप्पा म्हणाला.

उस्मानाबाद येईपर्यंत भलतंच घडलं. डिझेलचा काटा वर चढत होता. आधी गोपाळकृष्णरावांना वाटलं, डोळ्यांना झापड आली असेल. त्यांनी चष्मा पुसला. तेवढ्यात काटा आणखी वर सरकला. पंपापाशी गाडी पोचली तेव्हा टाकी पाऊण भरलेली दिसत होती, आणि वाटेत कुणी थेंब ओतला नव्हता. उष्णतेचा काटा उलट उतरला होता. ट्रक जितका धावेल तितका थंड होत होता.

पंपावर धुळाप्पा म्हणाला, टाकीत काडी घालून बघू. वसंतरावांनी त्याचा हात धरला. आयुष्यभर पुराव्यावर जगलेल्या माणसासमोर पुरावा हलत होता.

"काडी घालायची न्हाय. आईची परीक्षा घेत नसतात."

"पर देवी तर पुनवेपतोर झोपल्यात की, मालक," धुळाप्पा म्हणाला. दसऱ्यानंतर भवानी पलंगावर निजते, हे त्यालाही ठाऊक होतं. "मग डिझेल कोण घालतंय?"

"आई झोपली तरी लेकराच्या अंगावर पांघरूण घालतीच."

धुळाप्पा पुन्हा स्टिअरिंगवर बसला आणि गाडी पंपावरून तशीच निघाली. येडशीच्या घाटात काटा पार टोकाला टेकला. वसंतरावांनी टोपी काढून डॅशबोर्डाला नमस्कार केला. जावयाचा गुडघा दाबून ते म्हणाले, की जावईबापू, आम्ही तुम्हांला ओळखलं नाही. गोपाळकृष्णरावांना रडू यायचंच बाकी होतं. शाळा कायमची सुटली.

येरमाळ्याच्या पुढं, दोन्हीकडं ज्वारीच ज्वारी अशा जागी, इंजिन दोन आचके देऊन थांबलं. काटा टाकी काठोकाठ सांगत होता.

धुळाप्पानं उतरून बाभळीची काटकी मोडली, टाकीत घातली आणि वर काढून धरली. ती कोरडी होती. वसंतरावांनी ती हातात घेऊन वास घेतला, पुन्हा घेतला, आणि धुळाप्पाला परत दिली.

गोपाळकृष्णराव डॅशबोर्डाखाली वाकले. त्यांनी दोन काळ्या तारांची अदलाबदल केली आणि किल्ली फिरवली. डिझेलचा काटा तळाला गेला, उष्णतेचा टोकाला. म्हणजे सकाळपासून वाढत होती ती इंजिनाची उष्णता. आणि थंड होत होतं असं जे वाटलं, ती टाकी रिकामी होत होती.

"अदलाबदल कुणी केली होती?" वसंतरावांनी विचारलं.

"मी. दसऱ्यानंतर, काटे परत बसवताना."

वसंतराव रस्त्याकडेच्या दगडावर बसले. जावई समोर उभा होता, शाळेत उभी केलेली पोरं असतात तसा.

"ट्रकच चालवा," ते म्हणाले. "शाळेत मुळीच जाऊ नका. तिथं मुलं असतात."

थोड्या वेळानं, जावयाकडं न बघता, त्यांनी एवढंच विचारलं की आपण घाटात नमस्कार केला हे लोहाऱ्यात कळायचं काही कारण आहे का. गोपाळकृष्णराव म्हणाले, काही कारण नाही. धुळाप्पा दुसरीकडं बघत होता.

मग त्यानं गाडीतला रिकामा डबा काढला आणि आलेल्या वाटेनं मागं चालू लागला. पंप उस्मानाबादेत होता.