ठराव क्रमांक सात

सव्वीस तारखेला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास अधीक्षकांनी मिनिटबाईंच्या टेबलावर फाइल ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "बाइंडरचं पत्र टाइप करून द्या. एक तारखेपासून सेवा समाप्त. संदर्भ, ठराव क्रमांक सात."

"कुठला ठराव?"

"आता हे मी तुम्हाला सांगू? लिहिलाय तुम्हीच."

मिनिटबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. कॉलेजच्या समितीच्या बैठकांची मिनिट्स एकोणीस वर्षं त्या लिहीत होत्या, म्हणून मिनिटबाई. शिवाय कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदाची आवक नोंदवहीत नोंद करायची, त्याला क्रमांक द्यायचा, हेही त्यांच्याकडेच. कागद हरवला तर बाई जबाबदार, सापडला तर साहेबांची शिस्त.

त्यांनी फाइल उघडली. "ग्रंथालयातील पुस्तकबांधणीचे काम बाहेरून करून घ्यावे व बाइंडर हे पद पुढील महिन्याच्या एक तारखेपासून रद्द करावे, असे सर्वानुमते ठरले." खाली नऊ सभासदांच्या नऊ सह्या. एक तर चक्क हिरव्या शाईत.

असा ठराव झाला नव्हता. बाई त्या बैठकीत बसल्या होत्या, भिंतीकडच्या खुर्चीवर. फाटक्या पुस्तकांचा विषय निघाला तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, "आमचे बाइंडर एक पुस्तक शिवतात तोवर पोरं पदवी घेऊन जातात. एक तारखेपासून पदच काढून टाकू आणि काम देऊ बाहेर." त्यावर उपप्राचार्यांनी हात वर करून "सर्वानुमते" म्हटलं, सगळी खोली खदखदून हसली आणि चहा आला. बस, एवढंच.

पण बाईंनी ती बैठक लिहिली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी नणंदेने फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं होतं. बैठकीचं रेकॉर्डिंग त्यात टाकलं की दहा मिनिटांत इतिवृत्त तयार, तेही असं घोटीव की प्राचार्यांनी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं, "बाई, तुमची भाषा सुधारली हो." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणी काही म्हणालं होतं. त्या दिवसापासून बाई पहिली दोन पानं वाचायच्या आणि उरलेल्यांवर विश्वास टाकायच्या. सातवा ठराव चौथ्या पानावर होता. यंत्राने शब्द सगळे घेतले होते, हशा तेवढा सोडला होता.

आता हिशेब बघा. याच कॉलेजात चार महिन्यांपूर्वी परिपत्रक निघालं होतं: बैठकीचं रेकॉर्डिंग बाहेरच्या अ‍ॅपला देऊ नये, यंत्राने लिहिलेलं माणसाने मूळ गोष्टीशी ताडून बघावं, मगच पुढे पाठवावं. त्रेचाळीस कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्यायला टेबलोटेबली कोण फिरलं? बाईच. पहिली सही कोणाची? त्यांचीच. आणि एवढं सगळं मोडून एक नियम मात्र त्यांनी अक्षरशः पाळला होता. नववी सही झाली की रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. ते पुसलेलं होतं.

ग्रंथालयामागची खोली बाइंडरकाकांना पदासोबत मिळालेली. तिथे ते, त्यांची बायको आणि दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली सासू. पद गेलं की खोली गेली, आणि निवृत्तीला अजून बावीस महिने.

बाई प्रथम समितीवरच्या ग्रंथपालबाईंकडे धावल्या. काकांना सर्वांत जास्त ओळखणाऱ्या त्याच.

"मॅडम, तो सातवा ठराव. तो झालाच नव्हता ना?"

ग्रंथपालबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "झाला की. मला वाईट वाटलं हो, पण सर्वानुमते म्हटल्यावर मी एकटी काय बोलणार?"

"सही करताना वाचला होतात?"

"म्हणजे मी न वाचता सह्या करते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

बाईंना म्हणायचं तेच होतं, पण तोंडातून "तसं नाही मॅडम" निघालं.

गणिताचे सर त्याहून पुढचे. "झाला म्हणजे? मी विरोध केला होता त्याला. एकट्याने." ते खुर्चीत पुढे सरकले. "आणि मिनिटबाई, माझा विरोध तुम्ही नोंदवलेला नाही. ते दुरुस्त करा. बाइंडरला कळू दे कोण त्याच्या बाजूने होतं ते."

न झालेल्या ठरावाला आता न झालेला विरोधही होता. बाई जिन्यात आल्या, कठड्याला टेकल्या आणि फोन काढून त्या यंत्रालाच विचारलं. सातवा ठराव झालाच नव्हता, असं त्यांनी लिहिलं. यंत्राने लगेच मनापासून माफी मागितली, तुमचं बरोबर आहे म्हणालं, ठराव वगळून नवं इतिवृत्त पुढे केलं. बाईंचा जीव भांड्यात पडता पडता त्यांनी उलटं लिहून बघितलं: नाही, मला आता आठवतंय, ठराव झाला होता. यंत्राने पुन्हा माफी मागितली. हो, झाला होता, सर्वानुमते. समितीवर दहावा सभासद म्हणून छान शोभलं असतं.

दुपारी अडीचला प्राचार्यांनी आत बोलावलं. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अ‍ॅप, चौथं पान, पुसलेलं रेकॉर्डिंग. प्राचार्य खिडकीतून खाली बघत होते. खाली नव्या प्रयोगशाळेचा पाया खणलेला होता.

"बाई, हा पाया कशाच्या जोरावर खणला?"

"ठराव क्रमांक आठ."

"सात खोटा म्हटला तर आठ खरा कसा? उद्या ठेकेदार विचारेल, परवा आणखी कोणी. एक वीट काढायची नसते इतिवृत्तातली."

"पण सर, माणसाची खोली जातेय. तुम्ही चेष्टेत म्हणाला होतात. तुम्हाला आठवत असेल."

प्राचार्य खिडकीकडून वळले नाहीत. त्यांना आठवत होतं. ते त्यांच्या ताठ झालेल्या मानेवर दिसत होतं. "तुम्ही यंत्र वापरलंत, हे मी ऐकलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "परिपत्रक माझ्याच सहीचं आहे. ऐकलं तर तुमच्यावर कारवाई करावी लागेल. म्हणून ऐकलेलं नाही. तुमच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही ना? या आता."

बाई टेबलाशी परतल्या. "मी हे पत्र टाइप करणार नाही," त्या अधीक्षकांना म्हणाल्या.

"नका करू," अधीक्षक म्हणाले. ते रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी आपला फोन काढला, दोन ओळी बोलले आणि अर्ध्या मिनिटात पत्र प्रिंटरमधून बाहेर आलं. प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या, खोली सात दिवसांत रिकामी करावी हेही अदबीनं होतं. "जरा नजर टाका, शुद्धलेखन बघा. तुमचा हात चांगला आहे."

बाईंनी पत्र उचललं. नजर टाकली नाही. जिना उतरल्या आणि थेट ग्रंथालयाच्या तळघरातल्या बांधणीच्या खोलीत गेल्या.

बाइंडरकाका एका जाड शब्दकोशाचा कणा खळीनं चिकटवत होते. "या बाई. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाय लागले तुमचे इकडे. पुस्तक फाटलं की काय?"

बाईंनी पत्र पुढे केलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मध्ये दोनदा रडू आलं, दोन्ही वेळा काकांनी वाट बघितली. मग त्यांनी बोटांची खळ फडक्याला पुसली, पत्र वाचलं, परत वाचलं.

"सात दिवस," ते म्हणाले. "सासूबाईंना कुशीवर वळवायलाच दोन माणसं लागतात. मी नेऊ कुठे?"

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मी काही चुकलो म्हणून नाही."

"नाही काका."

"चेष्टा होती."

"हो."

"हसले सगळे?"

"सगळे."

"तुम्ही?"

बाईंनी मान खाली घातली. "मीसुद्धा."

काका उठले. बाईंना वाटलं, आता हाकलतील, आणि हाकललं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण त्यांनी कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, वरचे चार घेतले, कडा ठोकून सारख्या केल्या आणि टेबलावर ठेवले.

"लिहा."

"काय?"

"जे आत्ता मला सांगितलंत ते. त्या फोननं नको, हातानं. कोण काय बोललं, कोण हसलं, तुम्ही हसलात तेही. यंत्राला दिलंत, वाचलं नाहीत, तेही. सगळं."

"काका, हे दिलं तर माझी नोकरी राहणार नाही. प्राचार्य स्वतः म्हणाले."

"मला ते कळतं बाई. मी तुमच्यावर जबरदस्ती करत नाही. पण माझ्याकडे दुसरं कोण आहे, ते तुम्हीच सांगा."

बाई स्टुलावर बसल्या. पहिलं वाक्य त्यांनी तीनदा खोडलं. सवयीनं ते 'असे निदर्शनास आणून देण्यात येते' असंच सुरू व्हायचं. चौथ्यांदा लिहिलं, "मी त्या बैठकीत होते," आणि मग हात थांबला नाही. काका बाजूला उभे राहून ओळ न् ओळ वाचत होते. एका जागी त्यांनी बोट ठेवलं. "इथे 'काही सभासद हसले' लिहिलंय. तुम्ही सगळे म्हणाला होतात." बाईंनी 'काही' खोडलं आणि नऊ जणांची पदं लिहिली, दहावं स्वतःचं.

सही झाल्यावर काकांनी विचारलं, "यानं खोली राहील?"

"माहीत नाही. आवक क्रमांक पडला की पत्र आलंच नाही असं कोणाला म्हणता येणार नाही. समितीपुढे ठेवावंच लागतं. पण पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे."

"आणि एक तारीख पाच दिवसांनी."

"हो."

काकांनी आणखी दोन कागद पुढे सरकवले. "मग अजून एक प्रत करा. ती माझ्याकडे राहील. खोलीला कुलूप लावायला येतील तेव्हा दाखवायला काहीतरी हातात हवं."

पाच वाजायला चाळीस मिनिटं होती. पाचला आवक नोंदवही बंद व्हायची, ती बंद करणारी बाईच, आणि उद्या सकाळी ती वही त्यांच्या टेबलावर असेलच, याची आता खात्री नव्हती. त्यांनी कागद पुढे ओढला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं. काका शब्दकोशाकडे वळले नाहीत. ते उभेच राहिले, वाचत.