जामसरच्या तुळशीचा आवाज

तुळशी बँजो पार्टीत गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आणि हे काम एका उन्हाळ्यापुरतं आहे असं तिला वाटत होतं. जव्हारच्या शरीफभाईंनी तिला दाभोशाच्या एका लग्नात ऐकलं. नवरीला हळद लावताना बायका गात होत्या. त्यांत एक आवाज असा होता, की मांडवाबाहेर कीबोर्डची वायर जोडत बसलेले शरीफभाई वायर तशीच हातात धरून उठून उभे राहिले. तिचा नवरा लक्ष्या ढोल वाजवायचा. शरीफभाईंनी दोघांनाही पार्टीत घेतलं.

तो उन्हाळा चोवीस वर्षं चालला.

माणसं बदलली. बँजोवाला सुरतेला गेला तो परत आलाच नाही. ऑक्टोपॅडवर तीन पोरं येऊन गेली. तुळशी राहिली. गाणीही तीच करायची. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यामुळे वहीपेनाची तिला सवय नव्हती. आवणीला, भाताची रोपं लावत, चिखलात वाकलेली असताना, नाहीतर नागलीची भाकरी थापताना ती गुणगुणायची, शब्द अदलूनबदलून बघायची, आणि गाणं पुरं झालं की शरीफभाईंना म्हणून दाखवायची. त्यातलं एक फार चाललं:

मोखाड्याच्या जीपला दार नाय गो,
माहेराला जायाला वार नाय गो.

जव्हारपासून खोडाळ्यापर्यंत ते वाजलं नाही असं लग्न सापडलं नसतं. मोबाईलच्या दुकानात लोक मेमरी कार्ड भरून घेताना 'ती जीपवाली' म्हणून मागायचे. तुळशीला चेहऱ्याने ओळखणारे थोडे होते. बाजारात तिने वांग्यांचा भाव विचारला, की मात्र विकणारी बाई चटकन मान वर करायची.

तीन वर्षांपूर्वी, लग्नं ऐन भरात असताना तिचा आवाज फाटू लागला. वरच्या सुरात नुसती हवा निघायची. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी लक्ष्या तिला नाशिकला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं आणि गाठ आहे म्हणाल्या. "दीड महिना बोलायचंसुद्धा नाही. गाणं तर विसराच."

शरीफभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, अकरा लग्नांना जबान दिलीय. लोक तुमचं नाव घेऊन बोलावतात. मी काय करू, तुम्हीच सांगा."

 तुळशी म्हणाली, "अकराच ना? गाते मी."

अकराही लग्नांत ती गायली. नवव्याला तोंडात रक्ताची चव आली, तेव्हा घोटभर पाणी पिऊन तिने पुढचं कडवं घेतलं. पावसाळ्यात ऑपरेशन झालं. महिन्याभराने बोलायची परवानगी मिळाली आणि तिने लक्ष्याला हाक मारली. कोंडा पाखडावा तसं काहीतरी खरखरलं. लक्ष्याने वळून पाहिलं नाही, कारण आपल्याला कोणी हाक मारली हे त्याला कळलंच नव्हतं.

आजाराच्या आधी शरीफभाईंनी तिची चौदा गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. आपल्याच घराच्या मागच्या खोलीत, भिंतींवर बायकोच्या, हुस्नबानोभाभींच्या, गोधड्या लटकवून. आता त्यांनी ती पेन ड्राइव्हवर घेतली.

"तुम्ही फक्त माईक धरा न् ओठ हलवा," ते म्हणाले. "आवाज तर तुमचाच आहे. यात खोटं काय?"

पहिल्या लग्नात तिला बरं वाटलं, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही. चोवीस वर्षांत तिने स्वतःला असं समोरून कधी ऐकलं नव्हतं. लोक नाचत होते आणि ती ओठ हलवत ऐकत होती. ही बाई चांगली गाते, असं तिच्या मनात आलं.

मग खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर, भर दुपारी हळदीत, गाणं मध्येच अडकलं. एकच अक्षर चार-पाचदा वाजून गाणं बंद पडलं. नाचणारे थांबले. शरीफभाई कीबोर्डमागे वाकून खटपट करू लागले. तुळशी माईक तोंडापुढे धरून तशीच उभी.

नवरदेवाचा मामा पुढे आला. "ही कोण उभी केली रं? तुळशीबाईचा आवाज लावता न् भलतीलाच नाचवता?"

"मीच तुळशी," ती म्हणाली. माईक चालू होता, त्यामुळे ती खरखर साऱ्या मांडवाला ऐकू गेली. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या.

लक्ष्याने ढोल खाली ठेवला. "माझी बायको हाय ती. जामसरची तुळशी. चोवीस वर्सं गाते."

"मंग म्हणू दे की एक ओळ," मामा म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. खरोखरच ऐकायचं होतं त्याला.

तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. दुसऱ्या शब्दापर्यंतही ती पोचली नाही. आता कोणी हसत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. एवढ्यात शरीफभाईंनी पेन ड्राइव्ह काढून पुन्हा जोडला असावा, कारण स्पीकरमधून तिचा जुना आवाज एकदम धो-धो सुटला. लोक क्षणभर घोटाळले, मग पुन्हा नाचू लागले. मामाही नाचायला गेला.

आठवड्याने शरीफभाई जामसरला आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, लक्ष्याच्या मशेरीवरून थट्टा केली. मग म्हणाले, "रविना नावाची पोरगी आहे, विक्रमगडची. नाचते छान. ती उभी राहील. गाणी तुमचीच वाजणार, ताई."

"आवाजबी माझाच?"

"मग कोणाचा?"

तुळशीने फक्त एक मागितलं. गाण्याआधी माईकवर सांगायचं, हे गाणं आणि हा आवाज जामसरच्या तुळशीचा. शरीफभाईंनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. लक्ष्या पार्टीत राहिला. घरी आला की ती त्याला विचारायची, नाव घेतलं का. पहिली काही लग्नं तो हो म्हणाला. मग म्हणाला, आज घाई होती. मग तिने विचारणं सोडलं. दिवाळीनंतर पार्टीचा नवा बॅनर आला, त्यावर रविनाचा फोटो होता आणि खाली 'जीपवाली रविना' असं छापलं होतं.

माघात एके दिवशी रविना स्वतःच जीपने जामसरला आली. बावीसेक वर्षांची, सडपातळ. आल्या आल्या तुळशीच्या पाया पडली.

"मावशी, तीच चौदा गाणी किती दिवस चालवायची? लोक डीजे बोलावतात आता. शरीफभाई म्हणतात, या सालात नवं गाणं नाय आलं तर पार्टी बंद. तुम्ही करा ना एखादं. मी गाऊन घेईन."

तुळशीच्या डोक्यात एक चाल होती. ऑपरेशनच्याही आधीपासून होती. शब्द तिने सांगितले, ते रविनाने मोबाईलमध्ये लिहून घेतले. पण चाल कशी सांगायची? तुळशीने सूर लावून पाहिला, तर सगळे सूर एकाच जागी घासले. तिने सुपावर बोटांनी ठेका धरला. हात वर नेऊन, खाली आणून दाखवलं.

"अशी?" रविनाने गाऊन दाखवलं.

तुळशीने नाही म्हणून मान हलवली.

"मग अशी?"

तशीही नव्हती. पोरीचा गळा चांगला होता, मेहनतही होती. ती पुन्हा पुन्हा गात राहिली आणि प्रत्येक वेळी चाल आणखीच लांब गेली. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. शेवटी रविनाने कुठल्याशा चालीवर सगळं कडवं म्हणून दाखवलं. बरं होतं ते. दहा गाण्यांसारखं होतं.

"हीच ना, मावशी?"

तुळशीने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या कपाळावर घाम आला होता, आणि रस्त्यावर शेवटच्या जीपचा भोंगा वाजत होता.

"हीच," ती म्हणाली.

रविना पुन्हा पाया पडून पळत गेली. तुळशीने सूप उचललं आणि राहिलेले तांदूळ पाखडायला घेतले. खरी चाल आठवायला गेली तर पोरीचीच चाल पुढे येत होती. दोनदा तिने प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला नाही.