सातबाऱ्यावर नसलेलं ऊन

आमच्या चांदे गावच्या मळ्यातली मेथी पिवळी पडली ती माझ्या आळसामुळे नाही. हे आधीच सांगते, कारण सासऱ्यांनी, हैबतरावांनी, गावभर तसंच सांगितलंय.

सौर पंप हा माझा हट्ट. दिवसा पाणी, बिल नाही, धूर नाही, असं सौर योजनेचे साहेब म्हणाले आणि मी अर्ज भरला. त्यासाठी विहिरीवरची जुनी वीजजोडणी सोडावी लागली, तीही सोडली. दोन वर्षं झकास गेली. हिंजवडीच्या कंपन्यांतल्या बाया कामावर जाताना माझ्या मेथी-शेपूच्या जुड्या घेऊन जायच्या.

मळ्याच्या दक्षिणेचा तुकडा सासऱ्यांनी बिल्डरला आधीच विकला होता. तिथे बावीस मजले चढले. या थंडीत सूर्य दक्षिणेला कलला आणि रोज सकाळपासून दुपारी तीनपर्यंत टॉवरची सावली माझ्या पॅनलवर येऊन बसली. पंप ठप्प; तीननंतर चालला तर जेमतेम तासभर. घागरीने एक एकर कुणी भिजवलंय?

साहेब म्हणाले, पॅनल हलवता येत नाहीत, नियम आहे. जुनी जोडणीही परत मिळत नाही, तोही नियमच. माझ्या अंगाची लाही झाली. राग साहेबांचा होता, तितकाच माझा स्वतःचाही.

मग बिल्डरच्या मॅनेजरला, ऋषिकेशला गाठलं. "माझं ऊन आता तुमच्या गच्चीवर पडतंय. माझी पॅनलं तितं ठेवू द्या."

तो हसला. "गच्चीवर आमचं सोलर आहे, वहिनी. लिफ्ट त्यावरच चालते. म्हणून तर हरित इमारतीचा मान मिळाला. आणि खरं सांगू? तुमच्या त्या एकरात आता काही पिकणार नाही. तोही देऊन टाका. आम्हाला बगीच्याला जागा हवीच आहे."

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. वाटलं, त्याला चार शिव्या तरी घालतील.

"भाव काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

"मामंजी, त्या मळ्यावर मी राबतीया."

"राबतीस, पर सातबारा माझ्या नावावर हाय."

खरंच होतं. सातबाऱ्यावर ऊन लिहिलेलं नसतं आणि सुनेचं नावही नसतं. माझा नवरा किशोर कॅब घेऊन कंपनीच्या फेऱ्या मारत होता. वडिलांचं नाव काढताच फोनवर म्हणाला, "दादा म्हनतील तसं." मी फोन ठेवून दिला.

हरित इमारतीच्या मानाची पाटी लावायचा कार्यक्रम मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी ठेवला. माझ्या बांधाला लागून, खालच्या अंगाला टॉवरची मोकळी पट्टी आहे. तिथे सतरंज्या, खुर्च्या, जेवणाची टेबलं मांडली. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, ही इमारत हवा स्वच्छ ठेवते, कार्बन वाचवते. मग वर बघून म्हणाले, "आणि सावली किती छान! मांडवसुद्धा घालावा लागला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग फेटा बांधून सासरे उठले. शाल-नारळ घेतला. माइक हातात धरून म्हणाले, "आमचा ऱ्हायलेला एकरबी आमी बगीच्याला द्यायचं ठरवलंय."

आमी! मला विचारलं कुणी? परत टाळ्या. मी तिथून निघाले ती थेट मळ्यात.

तीन वाजले. टॉवरच्या कडेवरून ऊन सरकलं आणि पॅनलवर आलं. पंप आपोआप घरघरला. दिवसभरात पहिल्यांदा पाणी आलं, तेही दुसऱ्याला देऊन टाकलेल्या मेथीसाठी. खाली पंगत रंगात आली होती.

मी फावडं उचललं. पाटाचं पाणी मेथीकडे न वळवता खालचा बांध फोडला. पाणी सतरंज्यांखाली शिरलं, टेबलांच्या पायांशी साचलं. बायका साड्या सावरत उठल्या. सासऱ्यांचे नवे जोडे चिखलात रुतले.

ऋषिकेश ओरडत आला. "वहिनी, पंप बंद करा! आधी बंद करा!"

"सावली आणा," मी म्हटलं. "लई छान सावली हाय ना तुमची? ती पडली की बंद पडतोय."